कंट्रोलवर सगळं मिळायचं, मग दूध का नाही?

हतनूरकर

भुसावळचं जुनं घर विकायला काढलंय. मागच्या रविवारी माळा आवरताना एक पत्र्याचा डबा सापडला. आत सुतळीत ओवलेले भोकाचे सात पैसे, रेल्वेच्या गणवेशाचं एक पितळी बटण आणि चार घड्या घातलेलं रेशनकार्ड. शाई उडालीय, पण रकाने ओळखू येतात : गहू, तांदूळ, ज्वारी, साखर. मागे घासलेटचा शिक्का. दूध नाही.

दूध कशाला असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. पण आजीला (वय ९४, कान गेलेत, आठवण शाबूत) कार्ड दाखवलं तर म्हणाली, "याच्यावर दूध दिलं असतं तर बाबांनी कोरा चहा प्यायला नसता." तिचे वडील भुसावळला इंजिनावर फायरमन होते. लढाई चालू, आजी बारा-तेरा वर्षांची, घरात एक तान्हा भाऊ. येईल ते दूध त्याच्या वाटीत. बाकीच्यांनी वासावर भागवायचं.

तर प्रश्न असा. आपल्याकडे आजही रेशन दुकानाला 'कंट्रोल' म्हणतात, तो शब्द त्याच लढाईतला. धान्य, साखर, कापड, घासलेट, सगळ्यावर कंट्रोल आला. दुधावर का नाही आला? की जगात कुठे आला होता? आणि अहिरांच्या मुलखात, म्हणजे गुरं राखणाऱ्यांच्याच मुलखात, दुधाची टंचाई व्हावी हे पटतं का तुम्हाला?

कळणा_भाकरी

पहिला! दुधावरची साय माझी.

बाकी 'कोरा चहा' काय म्हणता हो? आपल्याकडे 'काया चहा', ळ चा य करून. आजीने नक्की 'काया'च म्हटलं असणार, तुम्ही पुण्यात राहून 'कोरा' म्हणायला शिकलात.

निवृत्त_गोदामवाला

३१ वर्षं पुरवठा खात्यात काढली, म्हणून दोन शब्द.

आधी कार्डाचं. त्यावर साल बघा. लढाई संपली म्हणून रेशनिंग संपलं नव्हतं. १९४७ च्या डिसेंबरात गांधीजींच्या आग्रहामुळे कंट्रोल उठवायला सुरुवात झाली, भाव भडकले, १९४८ मध्ये पुन्हा बसवले. खरी सुटका रफी अहमद किडवाई अन्नमंत्री झाल्यावर, १९५२ ते ५४ च्या दरम्यान. तेव्हा माळ्यावरची निम्मी 'लढाईतली' कार्डं नंतरचीच निघतात.

आता दूध. कार्डावर माल द्यायचा तर तो आधी कोणाच्या तरी गोदामात यावा लागतो. मोजता यावा, थप्पी लावता यावी, कुलूप लागावं, आणि कार्डवाला सोमवारी नाही आला तर गुरुवारी देता यावा. दुधाचं सकाळी सहाला जे आहे ते दुपारी दोनला नाही. पोत्याला सील लागतं, म्हशीला लागत नाही.

हतनूरकर

@गोदामवाला, भिंग घेऊन पाहिलं. १९५१ आहे. म्हणजे आजीने डबा एका काळाचा आणि आठवण दुसऱ्या काळाची सांगितली. तुमचं बरोबर. पण भोकाचे पैसे तर लढाईतलेच ना?

बोरीकाठ

भोकाचा पैसा १९४३ पासूनचा. तांबं लढाईला लागत होतं म्हणून मधला भाग काढून टाकला. त्याआधी वर्षभर सुट्ट्या नाण्यांची इतकी ओढाताण होती की लोक पोस्टाची तिकिटं सुट्टे म्हणून फिरवत. हे लक्षात ठेवा, दुधाच्या गोष्टीत ते येणार आहे. रतीब हा रोजच्या सुट्ट्या पैशांचा धंदा.

मी अमळनेरला इतिहास शिकवायचो, तेव्हा जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

टंचाईची सुरुवात बहुतेक पुस्तकं ब्रह्मदेशापासून करतात. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं, तिकडून दरवर्षी येणारा दहा लाख टनांहून जास्त तांदूळ बंद झाला, ४३ साली बंगालात दुष्काळ. आणि २ मे १९४३ ला मुंबईत रेशनिंग सुरू झालं, देशातल्या मोठ्या शहरांत पहिलं. हे सगळं खरं. पण खान्देशाला झळ त्याच्या आधी लागली, आणि ती तांदळातून नव्हे, कापसातून. आपला कापूस आखूड धाग्याचा. त्याचं मोठं गिऱ्हाईक जपान. डिसेंबर १९४१ मध्ये जपान लढाईत उतरला आणि गिऱ्हाईकच शत्रू झालं. कापूस पडून. इकडे सरकार म्हणतंय 'अधिक धान्य पिकवा'. १९४४ मध्ये तर मुंबई सरकारने कायदाच केला की जमिनीचा ठराविक हिस्सा अन्नपिकांखाली ठेवायचा. कापसाच्या जागी ज्वारी आली.

आता याचा दुधाशी काय संबंध, तो इथे कोणी गवळी असेल तर त्याने सांगावा. मला अंदाज आहे, पण मी मास्तर.

चहाबाज

मास्तर, ज्वारी वाढली म्हणजे कडबा वाढला. कडबा वाढला म्हणजे दूध वाढायला हवं. मग टंचाई कसली?

पांझराकाठ

बोलावलंत म्हणून आलो. धुळ्यात आमची चौथी पिढी. आजोबांच्या गोठ्यात वीस म्हशी होत्या, माझ्याकडे सहा आहेत आणि एक दुकान.

चहाबाज भाऊ, कडब्याने पोट भरतं, कास भरत नाही. म्हैस नुसत्या कडब्यावर जगते, दूध देत नाही. दूध आणि त्यातली फॅट येते ती ढेपेतून. आणि आपल्याकडे ढेप म्हणजे सरकीची, कापसाच्या बीची पेंड. कापूस कमी, सरकी कमी. सरकी कमी, ढेप महाग. आजोबा म्हणायचे, "म्हशीले ढेप टाक पहिले, मंग दूध माग." त्यांच्या तोंडून लढाईच्या काळातली एकच गोष्ट ऐकलीय : ढेपेचा भाव दुधाच्या भावाच्या पुढे गेला त्या वर्षी त्यांनी सात म्हशी विकल्या. भाकड नव्हे, दुभत्या. कोणाला विकल्या ते ते सांगत नसत, आणि आम्हीही विचारत नसू.

म्हैस एकदा गेली की दूध पुढच्या आठवड्यात परत येत नाही. वासरी व्यायला तीन-चार वर्षं लागतात. धान्याची टंचाई एका पावसाने फिटते, दुधाची नाही.

बोरीकाठ

यासाठीच थांबलो होतो. पुढचं मी सांगतो. तुमचे आजोबा एकटे नव्हते. पलटणींना मांस लागत होतं आणि दुभती, कामाची जनावरं खाटकाकडे जाऊ लागली, म्हणून पुढे त्यावर बंधनं आणावी लागली. मुंबईत तर ही जुनीच रड होती. गुजरात-काठियावाडातून ताजी व्यालेली म्हैस आणायची, शहरातल्या तबेल्यात एक वेत पिळायची, रेडकू मरायचं, आणि आटली की म्हैस कापायला. परत गावी पाठवून पोसणं परवडत नाही. देशातल्या उत्तमोत्तम म्हशी मुंबईने अशा खाल्ल्या. तबेले शहराबाहेर काढण्यासाठी १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली, त्यामागे हे कारण होतं.

लेस्टरची_लेवा

माहेर फैजपूरजवळ, सध्या मुक्काम इंग्लंड. हतनूरकरांच्या "जगात कुठे आला होता का" ला माझ्याकडून उत्तर : हो, इथे आला होता.

आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या (आता नाहीत). त्यांचं लहानपण लंडनमधलं. त्या सांगायच्या ते आणि नंतर मी वाचलेलं, असं मिळून लिहिते.

ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० ला रेशनिंग सुरू झालं, लोणी, साखर, बेकन यांपासून. दुधाला हात लावला तो उलट बाजूने. जुलै १९४० मध्ये योजना आली की पाच वर्षांखालची मुलं आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया यांना रोज एक पाइंट, म्हणजे साधारण ५७० मिली, दोन पेनीत. ऐपत नसेल तर फुकट. आधी त्यांचं राखून ठेवायचं आणि उरेल ते इतरांनी वाटून घ्यायचं. त्यामुळे साध्या मोठ्या माणसाच्या वाट्याला कधी आठवड्याला तीन पाइंट, हिवाळ्यात दोन. साय विकायला बंदी. १९४२ पासून आइस्क्रीम करायला बंदी. मुलांसाठी भुकटीचे डबे. शेजारीण म्हणायची की रिकामा डबा खिळे ठेवायला चाळीस वर्षं पुरला.

गंमत म्हणजे त्यांनाही पांझराकाठ म्हणतात तीच अडचण होती. गुरांचं खाद्य बोटीने बाहेरून यायचं, पाणबुड्यांमुळे बोटी बुडत होत्या. मग सरकारने ठरवलं की असेल ते खाद्य दुभत्या गाईंना आधी, डुकरं-कोंबड्यांना नंतर.

आणि एक मजेशीर गोष्ट. एका गल्लीत पाच-पाच दूधवाले घोडागाडी घेऊन फिरत होते, त्यात माणसं, घोडे, पेट्रोल वाया जातंय म्हणून गल्ल्या वाटून दिल्या. एका रस्त्यावर फार तर दोन दूधवाले, एक सहकारी आणि एक खाजगी. आमच्या फैजपूरच्या आळीत असं कोणी केलं असतं तर?

कळणा_भाकरी

फैजपुरात? दोन्ही दूधवाले एकमेकांचे साडू निघाले असते आणि पाणी एकाच विहिरीचं असतं.

चहाबाज

लेस्टरताई, आणि चहा? त्यांचा चहा तरी सुटला होता का?

लेस्टरची_लेवा

चहा माणशी आठवड्याला २ औंस. म्हणजे ५७ ग्रॅमच्या आत-बाहेर. तोही १९५२ पर्यंत.

चहाबाज

५७ ग्रॅम! आमच्या घरी ते दीड दिवसात संपतं. इंग्रज गेला तो चहाच्या दुःखाने गेला, आंदोलनं उगाच केली.

तापीथडी

सगळ्यांनी कंट्रोलच्या आरत्या चालवल्यात म्हणून उलट बाजू मांडतो. दुधाचा भाव सरकारने बांधला की दूध नाहीसं होतं. हे मी नाही, जर्मनी सांगते. पहिल्या महायुद्धात बर्लिनमध्ये दुधाचा कमाल भाव ठरवून दिला. शेतकऱ्याने काय केलं? त्याने दुधाचं लोणी केलं, कारण लोण्यात जास्त सुटत होतं. मग लोण्याचा भाव बांधला. मग लोणीच बाजारातून उठलं. १९१५ च्या ऑक्टोबरात बर्लिनच्या बायकांनी लोण्यासाठी दुकानांवर हल्ले केले. रांगा इतक्या लांब की लोक त्यांना 'पोलोनेज' म्हणू लागले, म्हणजे जोडीजोडीने पुढे सरकायचा एक नाच. शेवटी अख्खं दूध फक्त लहान मुलं, बाळंतिणी आणि डॉक्टरची चिठ्ठी असलेले आजारी यांनाच. बाकीच्यांना साय काढलेलं निळं पाणी, तेही मिळालं तर.

कंट्रोल म्हणजे काळाबाजाराची आई.

मुक्ताई_माहेर

तापीथडी, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगता. लेस्टरताईंनी सांगितलेल्या ठिकाणी पण कंट्रोलच होता, आणि तिथे गरिबाघरच्या पोरांना लढाईआधीपेक्षा जास्त दूध मिळालं. फरक काय? त्यांनी नुसता भाव बांधला नाही, शेतकऱ्याला पदरचे पैसे घालून भाव दिला आणि गिऱ्हाइकाला स्वस्त दिलं. बर्लिनमध्ये फक्त शेतकऱ्याच्या नरड्यावर हात ठेवला. आई दोन्हीकडे एकच असेल, बाप वेगळे होते.

कळणा_भाकरी

ताईंनी फौजदारी डाळीचा तडका दिला. +१

तापीथडी

ब्रिटनकडे पैसा होता, जहाजं होती, अमेरिका होती. भुसावळच्या फायरमनकडे काय होतं?

निवृत्त_गोदामवाला

भुसावळच्या फायरमनकडे रेल्वे होती, हे विसरू नका. लढाईत रेल्वेने कामगारांसाठी स्वतःची धान्य दुकानं काढली होती. महागाईभत्ता रोखीत वाढवण्याऐवजी स्वस्त धान्य. त्यामुळे धान्याच्या बाबतीत रेल्वेवाला गावातल्या माणसापेक्षा बरा होता. हतनूरकरांच्या आजीने धान्याची तक्रार केली नाही, फक्त दुधाची केली, याचं कारण तेच असावं.

काळ्याबाजाराचं म्हणाल तर नाकारत नाही. मी नोकरीत असतानाही कंट्रोलची साखर कुठे कुठे निघायची ते मला ठाऊक आहे. पण बाजार मोकळा असता तर ती साखर लग्नघरात गेली असती आणि कार्डवाल्याला तेवढीही दिसली नसती.

रावेरी_केळं

सगळे लंडन-बर्लिन फिरून आले, मी तुम्हाला बऱ्हाणपूरला नेतो.

रावेरहून बऱ्हाणपूर हाकेवर. लोक मुद्दाम गाडी काढून जातात ते मावा जिलेबी खायला. काळी, जाड, एका जिलेबीत जेवण झालं पाहिजे. आता विचार करा, ती जिलेबी म्हणजे आटवलेलं दूधच ना? इंग्रजांच्या काळात रावेर मुंबई प्रांतात आणि बऱ्हाणपूर मध्यप्रांतात. हुकूम वेगळे, अधिकारी वेगळे. दुधाचा हंडा घेऊन नाकं ओलांडणं अवघड, पण मावा? धोतराच्या सोग्यात बांधून नेता येतो. चार-पाच शेर दुधाचा एक शेर मावा, आणि दोन दिवस टिकतो. गोदामवाले काका म्हणतात म्हशीला सील लागत नाही. मी म्हणतो दुधाला पाय असतात. भाव बांधला की ते उठून दही होतं, तूप होतं, मावा होतं आणि नाक्यापलीकडे जाऊन बसतं.

(आमच्या पणजोबांनी असं काही केलं असा पुरावा माझ्याकडे नाही. घरात मात्र अजून मोठी पितळी कढई आहे आणि तिचा इतिहास विचारला की सगळे विषय बदलतात.)

बोरीकाठ

केळं, कढईचा फोटो टाका. आणि तुमच्या 'दुधाला पाय असतात'ला बंगालची साक्ष. १९६५ मध्ये प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छेन्याच्या मिठायांवरच बंदी घातली. संदेश, रसगुल्ला, सगळं बंद. म्हणणं असं की दूध मुलांना मिळावं. कलकत्त्यात रसगुल्ला बंद! हलवायांनी कोर्ट गाठलं, हुकूम टिकला नाही, आणि १९६७ च्या निवडणुकीत सेनसाहेब स्वतः पडले. पडण्याची कारणं बरीच होती, धान्याची टंचाई त्यात मोठी, पण बंगाली माणूस अजून रसगुल्ल्याचं नाव घेतो.

चहाबाज

उद्या कोणी शेवभाजीवर बंदी आणली तर जयगावात सरकार सकाळी पडेल, दुपारपर्यंत थांबणार नाही.

मिलोग्रस्त

माझं नाव वाचून कोणी हसू नये. ७२ सालच्या दुष्काळात मिलो ज्वारी खाऊन वाढलेला माणूस आहे मी. लाल, कडू, भाकरी थापता थापता फुटायची. ज्या घरात दादर ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी व्हायची त्या घरात आईने पहिली मिलोची भाकरी ताटात ठेवली तेव्हा आजोबांनी ताट सरकवलं नाही, पण मान वर करून कोणाकडे बघितलंही नाही. तेवढं मला दिसलं.

पण धागा युद्धाचा आहे, तर ६५ चं सांगतो. पाकिस्तानशी लढाई, शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवू नका म्हणून सांगितलं. आमच्याकडे सोमवार महादेवाचा, आजी तशीही एकच वेळ जेवायची. तिला कोणीतरी सांगितलं की आता हे सरकारचं आहे, तर म्हणाली, "मंग महादेवना कोन्ता दिन?" आणि तिने मंगळवारही धरला. देशाच्या सगळ्यांत मोठ्या त्यागात तिचं नाव कुठे नाही.

जिल्हाबंदी होती. ज्वारी एका जिल्ह्यातून दुसऱ्यात न्यायला परवाना लागायचा. मामा चोपड्याहून शिरपूरला बहिणीकडे गाठोडं घेऊन येताना नाक्यावर पकडले गेले. गाठोड्यात होते बिबडे. ज्वारीचेच, पण पापड झालेले. शिपायाला कळेना हे धान्य की खाऊ. शेवटी त्याने चार भाजून मागितले आणि सोडलं.

आणि दूध : आमच्या शाळेत परदेशी भुकटीचं दूध यायचं. मोठ्या पिंपात गरम पाण्यात ढवळायचे. वास असा की नाक धरूनच प्यायचं. पण भुकटी कोरडी मिळाली तर सोनं! पिंप ढवळायची पाळी असलेला मुलगा तळहातावर मूठभर घ्यायचा. ती टाळूला अशी चिकटायची की पुढचा अर्धा तास पाढे म्हणता यायचे नाहीत. मास्तरांना त्यावरूनच चोर कळायचा. सत्तावीसच्या पाढ्यात मी तीनदा सापडलो.

मुक्ताई_माहेर

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). टाळूला चिकटलेली भुकटी अगदी अगदी! आमच्या वेळी सुकडी होती. तिचाही लाडू करून खिशात, आणि खिशाला कायमचा तेलाचा डाग.

पांझराकाठ

भुकटीवरून आठवलं. लोकांना वाटतं टोन्ड दूध हे आजचं फॅड. मुंबईत ते १९४६ च्या सुमारास आलं, सरकारी दूध खात्याचे दारा खुरोडी यांनी आणलं. म्हशीचं घट्ट दूध, त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी. एका लिटरचं जवळजवळ दुप्पट, आणि भाव गरिबाला झेपेल असा. आमच्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आम्ही पाणी टाकलं तर भेसळ, साहेबाने टाकलं तर योजना?"

तापीथडी

आजोबा एकदम आपल्या पक्षाचे. 😄

बोरीकाठ

तापीथडी, तुमच्या पक्षाला एक दाखला माझ्याकडून, आणि एक विरोधात. दोन्ही एकाच गोष्टीत आहेत.

मुंबईला लढाईत दूध पुरेना, म्हणून सरकारने १९४५ मध्ये योजना काढली. आणंदहून सव्वाचारशे किलोमीटर दूध रेल्वेने आणायचं. गोळा करायचा मक्ता पोल्सन या एकाच कंपनीकडे. शहराला दूध मिळालं, सरकार खूश, कंपनी खूश, मधले दलाल खूश. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या हाती मात्र काही लागेना. सरदार पटेलांनी सांगितलं की स्वतःची संस्था काढा, मोरारजी देसाईंनी पुढाकार घेतला, आणि शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध दिलंच नाही. मुंबईची योजना कोलमडली, सरकार नमलं. १४ डिसेंबर १९४६ ला त्यांचा संघ नोंदवला गेला. त्यालाच आपण पुढे अमूल म्हणू लागलो.

म्हणजे सरकारी मक्त्याने घोटाळा केला हे तुमच्या बाजूने. पण तो निस्तरला मोकळ्या बाजाराने नाही, शेतकऱ्यांच्या सहकाराने. हे विरोधात.

तापीथडी

मान्य. अर्धं.

रावेरी_केळं

अवांतर : लढाईत केळ्यांचं काय झालं असेल? डबे मिळत नव्हते, रेल्वे लोकांना 'गरज असेल तरच प्रवास करा' म्हणून सांगत होती. आमच्या केळीला प्रवासाची गरज असते. ती घरी बसली की काळी पडते.

निवृत्त_गोदामवाला

वेगळा धागा काढा. इथे केळं आलं की दूध मागे पडतं, आणि दोन्ही एकत्र आलं की शिकरण.

लेस्टरची_लेवा

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? हतनूरकरांनी विचारलं दुधावर कंट्रोल का नाही. आतापर्यंत एवढं निघालं की जिथे आला तिथे आधी सगळं दूध एका जागी गोळा करायची सोय होती, डेअरी होती, बाटली होती, दूधवाल्याची वही होती. भुसावळात लढाईच्या काळात दूध शंभर गोठ्यांतून शंभर लोट्यांनी येत असणार. कार्ड कोणाच्या हातात देणार आणि कोण शिक्का मारणार? पण आजीच्या घरात ते पावशेर तरी कसं येत होतं, हे कोणी विचारलंच नाही. सुट्टे नाहीत, दूध नाही, भाव भडकलेले. तान्ह्या भावाची वाटी भरत कशी होती?

हतनूरकर

लेस्टरताई, तुमचा प्रश्न आज सकाळी आजीच्या कानाजवळ जाऊन तीनदा ओरडलो. तिसऱ्यांदा शेजारच्या काकूंनी दार उघडलं. उत्तर मिळालं ते तसंच लिहितो.

गवळ्याला पैसे नकोच होते. सुट्टे नव्हते आणि रुपया मोडून कोणी देत नव्हतं. घासलेट मिळत नव्हतं, लाकूड महाग. त्याला हवा होता कोळसा. लोको शेडमागे इंजिनाची राख ओतायचे, त्यात अर्धवट जळालेले कोळसे असायचे. क्वार्टरांमधल्या पोरी पहाटे टोपल्या घेऊन ती राख चाळायला जात. आजी आणि तिची मैत्रीण. हात कोपरापर्यंत काळे, आणि कधी आत गरम निखारा निघायचा. उजव्या हाताच्या करंगळीवर डाग आहे, तो मी आजवर देवीचा समजत होतो. एक टोपली कोळसा, पावशेर दूध. एवढाच तिचा कंट्रोल.

म्हैस तो दारात आणायचा आणि समोर धार काढायचा, म्हणजे पाण्याचा संशय नको. पण लोटा तो घरून आणायचा. आजीच्या आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, लोटा उपडा करून दाखव.

मग तिला विचारलं की हे सात पैसे कशाचे. जरा हसली. म्हणाली, एक दिवस आई आजारी होती, लोटा उपडा करून बघायचं आजी विसरली. दूध तापवलं तर साय धरेना. ती टोपली परत मागायला त्याच्या गोठ्यावर गेली. कोळसा तर जळून गेलेला. तिने तिथेच बसकण मारली. तो हो-ना करत होता तोवर चार बाया जमल्या. शेवटी त्याने कनवटीचे हे सात पैसे काढून दिले.

कळणा_भाकरी

१९४३ चा ग्राहक मंच! निकाल एका सकाळीत, वकील नाही, तारीख नाही.

पांझराकाठ

त्या गवळ्याच्या वतीने मी माफी मागतो. भुसावळचा होता म्हणताय ना? मग आमचा नव्हता. आम्ही धुळ्याचे.

निवृत्त_गोदामवाला

सात पैसे म्हणजे पावणेदोन आणे. त्या काळी एका पोरीने गवळ्याकडून रोख पावणेदोन आणे काढले, आणि तेही सुट्टे! आजींना माझा नमस्कार सांगा. आमच्या खात्यात हव्या होत्या.

चहाबाज

पण हतनूरकर, ते पैसे तिने खर्च का नाही केले?

हतनूरकर

विचारलं. म्हणाली, "खर्च करायला काय होतं तेव्हा दुकानात?"

कार्डाचा आणि पैशांचा फोटो उद्या टाकतो. करंगळीचा ती काढू देत नाहीये.